चावी काढल्यावर येणारी हाक

असं समजा, की तुम्ही एका मोटारीत पुढच्या सीटवर बसला आहात. कसारा घाट नुकताच चढून झाला आहे. संध्याकाळ आहे आणि बाहेर इतकं धुकं आहे, की बोनेटचं टोकसुद्धा दिसत नाही. ड्रायव्हर गाडी कडेला घेतो, इंजिन बंद करतो, चावी काढून मुठीत धरतो. आता सगळं शांत व्हायला हवं. पण होत नाही. बोनेटखालून एक बारीक, लांब आवाज येतो. उंचावर सुरू होतो आणि हळूहळू खाली उतरत जातो, नदीपलीकडून एखादी बाई लेकराला घरी बोलावत असावी तसा. आणि तुमच्या शेजारी बसलेली मुलगी त्याला ओ देते.

"आले गं आई."

मग आवाज विझतो.

तुम्हाला कदाचित भीती वाटली असेल. त्या मुलीला वाटली नव्हती. तिचं नाव मैना. ड्रायव्हर म्हणजे तिचे वडील, कोंडाजी. शहाऐंशी सालची ही गोष्ट. नाशिकच्या एका कारखानदाराने परदेशातून एक चंदेरी गाडी आणली होती. रस्त्यावरच्या सगळ्या गाड्यांना मागे टाकणारी. कोंडाजी ती चालवायचा आणि स्वतःच्या बैलांना पुसावं तशी पुसायचा.

मैनेची आई, गोजराबाई, आदल्या वर्षी काविळीने गेली. दारणा नदीच्या काठी खेळणाऱ्या मैनेला ती दिवेलागणीला हाक मारायची. आवाज आधी वर चढायचा आणि मग लांबत लांबत खाली यायचा. ती गेल्यावर घरी पोरीजवळ कोणी उरलं नाही, म्हणून साहेबांनी तिला गाडीत बसवायची परवानगी दिली. साहेबांना मुंबईला सोडून बापलेक रिकामी गाडी घेऊन परत येत. घाटमाथ्यावर बाकीचे ड्रायव्हर देवीपुढे नारळ फोडायला थांबत. कोंडाजी जरा पुढे जाऊन थांबायचा आणि एकदम चावी फिरवून इंजिन बंद करायचा.

पावसाळा संपला तशी गाडी निळा धूर सोडू लागली. चढावर तिचा दम जाऊ लागला. वर्षात ही दुसरी वेळ होती. साहेब ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, की सामान परदेशातून यायला महिने लागतात. पुन्हा असं झालं तर दुसरा ड्रायव्हर बघावा लागेल.

नाशिकमध्ये द्वारका चौकाजवळ पुंजारामचं गॅरेज होतं. त्याने गाडीचे दोन्ही टर्बो उतरवून फळीवर ठेवले होते. लोखंडी गोगलगायी दिसाव्यात तसे ते दिसत होते. त्याने तेलाची नळी तळहातावर आपटली. काळे खडे पडले.

"हे काय हाय, कोंडाजी? मागच्या टायमाला काय बोललो होतो तुला? घाट चढला का गाडी जरा चालू राहू दे. चहा पी, बिडी वढ, वाटलं तर दोन गानी म्हन. पन चावीला हात लावू नको."

कोंडाजी जमिनीकडे बघत राहिला.

"बहिरा झाला का तू?"

तेव्हा मैना म्हणाली, "चालू गाडीत आई ऐकू येत नाय, मामा."

पुंजारामने कोंडाजीकडे पाहिलं. मग कोंडाजीने सगळं सांगितलं. पहिल्यांदा त्याने गाडी अशीच धुक्यात घाईने बंद केली होती. हाक आली तेव्हा त्याला वाटलं, आपलं डोकं फिरलं. पण मागोमाग पोरीने ओ दिली, आणि मग त्याच्याने राहवलंच नाही.

पुंजाराम हसला नाही. त्याने मैनेला जवळ बोलावलं आणि टर्बोचं तोंड तिच्याकडे केलं. इंजिनाचा धूर बाहेर जाताना आत एक छोटा पंखा फिरवतो, त्याने समजावलं, आणि त्याच दांड्यावरचा, म्हणजे शाफ्टवरचा, दुसरा पंखा इंजिनात जोराने हवा भरतो. शाफ्ट तेलावर तरंगत असतो. घाट चढल्यावर हे सगळं निखाऱ्यासारखं तापतं. इंजिन थोडा वेळ संथ चालू ठेवलं तर तेल फिरतं आणि शाफ्ट निवतो. एकदम बंद केलं तर तेल थांबतं, पण पंखा कोरडाच फिरत राहतो. तेल जागीच जळून कोळसा होतं.

"फिरव बरं."

मैनेने बोटाने पंखा फिरवला. खर्र आवाज आला.

"शाफ्ट ढिला झालाय. पाती घासते, म्हनून वरडते. तू जेवढी ऐकशील तेवढी ती घासनार."

"मग तिला दुखतं?"

लोखंडाला कसलं दुखणं, असं म्हणायला पुंजारामने तोंड उघडलं. पण पोरीचा चेहरा पाहून तो थांबला.

"झिजते," तो म्हणाला.

नवे टर्बो बसवताना मैना तिथेच होती. पुंजारामने तेलाच्या नळ्या बदलल्या, इंजिनातलं तेल आणि फिल्टर बदलले. नव्या टर्बोमध्ये आधी हाताने तेल ओतलं. मग इंजिन पेटू न देता नुसतं फिरवलं, तेल शाफ्टपर्यंत पोचेस्तोवर. गाडी सुरू झाली तेव्हा झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखा आवाज येत होता. कोंडाजी बराच वेळ कान देऊन उभा होता.

पुढच्या खेपेला ते घाटमाथ्यावर आले तेव्हा धुकं होतंच. कोंडाजीने गाडी कडेला घेतली. त्याचा हात सवयीने चावीकडे गेला. मैनेने त्यावर आपले दोन्ही तळवे ठेवले आणि दाबून धरले. इंजिन संथ चालत होतं. मागून ट्रक येत होते, धुक्यात बुडत होते. बऱ्याच वेळाने तिने हात उचलले.

कोंडाजीने इंजिन बंद केलं, चावी काढली. बोनेटखाली काहीच वाजलं नाही.

तो रडणार असं मैनेला वाटलं. तेवढ्यात हाक आली.

गाडीतून नव्हे. खाली दरीतून, रस्ता नाही त्या बाजूने. आधी वर चढलेली आणि मग लांबत लांबत उतरलेली. बोगद्यातल्या आगगाडीची शिटी असेल, कड्यात अडकलेला वारा असेल. मला सांगता येणार नाही. कोंडाजीने मात्र मान झटक्यात दरीकडे वळवली, आणि त्याचा हात दरवाजाच्या कडीवर गेला.

"आबा, उतरू नका," मैना म्हणाली.

तिने आपल्या बाजूची काच खाली केली. गार धुकं आत आलं.

"तू नको थांबू गं आता," ती दरीकडे तोंड करून म्हणाली. "आम्ही जातो घरी."

मग तिने काच वर केली, वडिलांची मूठ एकेक बोट करून उघडली, आणि चावी तिच्या जागी लावली.