टोला पडेपर्यंत

शेषराव नांदुऱ्याजवळच्या एका जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, मुकादम होते. जिनाचा भोंगा झाला की दोनशे माणसं कामाला लागतात आणि भोंगा झाला की थांबतात, हे रोज पाहून त्यांच्या डोक्यात एक खूळ शिरलं. घरसुद्धा असंच चालवायचं! वऱ्हाडात तेव्हा शाळा सुटली की मुलं उंडारायला मोकळी. अभ्यास नाही, घरकामाला हात नाही, आणि आई मात्र हाक मारून मारून बेजार. हे दुखणं घरोघरचं होतं, आणि शेषरावांना वाटलं की औषध आपल्यालाच सापडलं.

त्यांनी ओसरीवर लोखंडाचा एक तुकडा टांगला. शाळेतून आल्यावर थोरली कोकिळा त्यावर पहिला टोला देई. मग किसनने म्हशीचं वैरणपाणी करायचं, कोकिळेने कंदिलाच्या काचा राखेने पुसायच्या, सहा वर्षांच्या पुष्पीने अंगण झाडायचं आणि मग तिघांनी पाट्या घेऊन बसायचं. दुसरा टोला शेषराव जिनातून आल्यावर स्वतः देत. त्या दोन टोल्यांच्या मधे पाढ्यांखेरीज कुणी तोंड उघडायचं नाही, असा दंडक होता. एकदा गोठ्यात विंचू दिसला म्हणून किसन ओरडला, तर त्याला सगळं काम पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं. विंचवाचं काय झालं, हे शेषरावांनी विचारलंसुद्धा नाही.

महिन्याभरात घर असं चिडीचूप झालं की शेजारपाजारच्या बाया त्या दारावरून जाताना पदर सावरून भराभर पावलं टाकू लागल्या. घरात तीन लेकरं आहेत आणि आवाज मात्र झाडूचा, राखेचा आणि पेन्सिलीचा. शाळा तपासणाऱ्या डिप्टीसाहेबांनी शेषरावांचं कौतुक केलं, तेव्हापासून तर त्यांची मान आणखीच ताठ झाली. त्यांची बायको अन्नपूर्णाबाई एकदा म्हणाल्या, की मुलं आता झोपेतही बोलत नाहीत. शेषरावांनी ते हसण्यावारी नेलं.

पौष महिन्यात अन्नपूर्णाबाई बहिणीच्या बाळंतपणाला मेहकरला गेल्या. जिनात कापसाच्या गाड्यांची रीघ लागली होती, म्हणून शेषरावांना यायला उशीर झाला. वाटेत फकीर मोहम्मद पिंजारी भेटले. घरच्या गाद्यांचा कापूस पिंजायचा होता, तेव्हा शेषराव त्यांना सोबतच घेऊन आले. दिवेलागणीची वेळ होती. किसन गोठ्याच्या कडेला पाटी घेऊन बसला होता, कोकिळा ओसरीवर. दोघांनी मानही वर केली नाही.

"पाहा," शेषराव अभिमानाने म्हणाले, "आहे काय गावात असं घर?"

फकीर मोहम्मद अंगणाच्या मधोमध थांबले आणि कान देऊन ऐकू लागले. मग शेषरावांनाही ते ऐकू आलं. बारीक, घोगरा आवाज होता तो, आणि घरातून नव्हे, पायाखालून येत होता.

बे एके बे. बे दुणे चार. बे त्रिक सहा.

शेषरावांच्या अंगावर सर्रकन काटा आला. जमीन पाढे म्हणत होती! त्यांनी ओसरीकडे पाहिलं. मुलं दोनच होती.

"पुष्पी कुठी हाये?" त्यांनी विचारलं. कोकिळेने त्यांच्याकडे पाहिलं, लोखंडाच्या तुकड्याकडे पाहिलं आणि हातातली पाटी त्यांच्याकडे वळवली. पाटीवर सुबक अक्षरात, वर सरळ रेघ ओढून लिहिलं होतं: पुष्पी पेवात पडली.

अंगणातलं जमिनीखालचं ज्वारीचं पेव दोन दिवसांपूर्वीच शेषरावांनी रिकामं केलं होतं आणि तोंडावर नुसती फळी टाकून ठेवली होती. आता त्या जागी काळं भोक होतं. शेषराव सरळ उडी घ्यायला धावले. फकीर मोहम्मदांनी त्यांना कमरेला धरून मागे ओढलं, कारण पेवातली कोंदलेली हवा माणूस मारते. आधी दोराने कंदील खाली सोडला. ज्योत लहान झाली, पण विझली नाही. मग शेषराव उतरले.

तळाच्या कडब्यावर पुष्पी पाय दुमडून बसली होती. डोळे मिटलेले, ओठ सुकलेले, कपाळावर रक्त वाळलेलं, आणि पाढा चालूच. त्यांनी तिला उचललं तेव्हा तिने डोळे उघडले.

"बाबा, टोला झाला काय? आता बोलू काय?"

शेषराव पेवातच रडले.

वर आल्यावर त्यांनी आधी टोला दिला आणि मग कोकिळेला विचारलं, की शेजाऱ्यांना हाक का नाही मारली. ती म्हणाली, बोलायची मनाई होती. फकीर मोहम्मदांनी पुष्पीला पाणी पाजलं, जखम पुसली आणि मग शेषरावांजवळ बसले.

"शेषराव, काम सांगा, अभ्यास सांगा, टाइम बी बांधून द्या, त्यात वाईट काही नाही. पण जिनातला माणूस संध्याकाळी आपल्या घरी जाते. ह्या लेकरायनं कुठी जावं? पोरगं चुप बसलं म्हणजे शहाणं झालं असं नसते. ते भेलं असते."

दुसऱ्या दिवसापासून वेळापत्रक राहिलं, पण त्याची सुरुवात बदलली. शेषराव आता शाळा सुटायच्या वेळी जिनातून तासभर सुटी काढून घरी येत, शाळेतून आलेल्या मुलांच्या हाती गूळ-फुटाणे ठेवत आणि विचारत, की आज काय झालं. मग त्यांच्याबरोबर ते स्वतः झाडू हाती घेत. पण चार दिवस मुलं काहीच बोलली नाहीत. फुटाणे खात, उठत, कामाला लागत. त्या चार दिवसांची शांतता शेषरावांना पेवापेक्षा खोल वाटली.

पाचव्या दिवशी कोकिळा बोलली.

"त्या दिवशी पुष्पी आधी लय रडली. मंग रडणं थांबवून पाढे म्हणू लागली. मले तुमचा राग आला होता, बाबा. अजून बी येते."

"बोल, माय," शेषराव म्हणाले. "आणखी बोल."

आणि ती बोलत राहिली. किसनही बोलू लागला. त्या दिवशी कंदिलाच्या काचा पुसायच्या राहून गेल्या.

बंधुभगिनींनो, मुलांना शिस्त हवीच, कामाची सवयही हवी. पण ज्या घरात लेकराला संकट सांगायला आधी परवानगी लागते, ते घर कितीही नीटनेटकं असलं तरी लेकराच्या कामाचं नाही. तेव्हा शाळेतून आलेल्या मुलाला पाटी काढ म्हणण्याआधी जवळ बसवा आणि ते काय सांगतं ते ऐका.