डोकं टाकीवाल्याचं, छाती कुणाची?

मी एक जुना मर्द आहे मित्रांनो, पण पुठ्ठ्याचा. उंची सहा फूट, जाडी बोटभर. कपड्यांच्या एका दुकानाच्या दारात मी बनियन घालून, खांद्यावर गॅसची टाकी घेऊन हसत उभा असे. पायाशी लिहिलं होतं, 'खऱ्या मर्दाचं बनियन'. आता मी माळ्यावर आहे, रिकाम्या खोक्यांच्या मागे. माझी कर्मकहाणी ऐकायला कुणी येत नाही, म्हणून तुम्हालाच सांगतो.

माझा जन्म एका फोटोतून झाला. तो फोटो होता घरोघरी गॅसच्या टाक्या पोचवणाऱ्या एका टाकीवाल्याचा. एकदा तो चार जिने चढून एका दारात घामाघूम उभा राहिला. दार उघडलं ते जाहिरातींचे फोटो काढणाऱ्या माणसाने.

"दादा, महिनाभर आम्ही खरा मर्द शोधतोय आणि तो आमच्या दारात! एक फोटो काढू द्या."

टाकीवाला लाजला. "पोट सुटलंय हो माझं."

"सुटू द्या की! कष्टाचं अंग आहे. ते लपवायचं कशाला?"

टाकीवाल्याच्या अंगाला आजवर कुणी चांगलं म्हटलं नव्हतं. लोक टाकीचं वजन बघत, तिचं सील बघत आणि दार लावून घेत. त्या दिवशी तो मनापासून हसला. तेच हसू माझ्या तोंडावर छापलं गेलं. मला तो दिवस, ते दिवे, ते कौतुक सगळं आठवत असे, म्हणून मी स्वतःला टाकीवालाच समजत होतो. माझ्या खांद्याला मात्र त्या दिवसाचं काहीच आठवत नसे. मी ते कधी मनावर घेतलं नाही.

दुकानात माझी फार बडदास्त होती. मालक रोज सकाळी फडक्याने माझी छाती पुसायचे. रस्त्याने जाणारे पुरुष माझ्यासमोर थबकत, पोट आत ओढत आणि काचेत स्वतःला बघून घेत. काही जण तर एक नंबर लहान बनियन मागत आणि घरी जाऊन बहुधा श्वास कोंडून बसत. मला वाटे, माझ्यामुळे त्यांना हुरूप येतो. माझी छाती आणखी फुगायची जागा असती तर फुगली असती.

एका रविवारी टाकीवाला बायकोला आणि सात वर्षांच्या लेकीला घेऊन मला बघायला आला. सगळे ठेवणीतल्या कपड्यांत होते. गल्लीभर सांगून झालं होतं. तो माझ्या शेजारी ऐटीत उभा राहिला. "ओळख बघू, कोण आहे हा?"

लेकीने मला खालून वर न्याहाळलं. "बाबा, डोकं तुझं आहे. पण बाकीचा माणूस कोण?"

"अगं, मीच तो!" तो हसला. मग त्याने वळून पाहिलं, आणि त्याचं हसू विरलं.

"टाकी उजव्या खांद्यावर कशी?" तो पुटपुटला. तो नेहमी डाव्या खांद्यावर टाकी घेई, म्हणजे उजवा हात जिन्याच्या कठड्याला मोकळा राहतो. इतक्या वर्षांत त्याच्या डाव्या खांद्यावर घट्टा पडला होता आणि तो खांदा बोटभर खाली आला होता. माझे दोन्ही खांदे पट्टी लावून आखल्यासारखे होते. पोट नव्हतंच, तिथे विटा रचल्या होत्या. "आणि ही टाकी रिकामी आहे," तो हळूच म्हणाला. "भरलेली टाकी खांद्यावर अशी दोन बोटांनी सावरत नाही कुणी."

"अहो, जाहिरातीत चालतं असं," मालक म्हणाले. "त्यांना तुमचा चेहरा आवडला. अंग दुसऱ्याचं लावलं."

मित्रांनो, मला तेव्हा कळलं की माझ्या मानेवर जोड आहे. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि गळा माझा होता. ज्या अंगाची स्तुती करून त्याला हसवलं, तेच अंग त्यांनी फेकून दिलं. हसू तेवढं ठेवून घेतलं. मला फार राग आला, आणि लाजही वाटली.

पंधरा दिवसांनी त्याची बायको एकटीच दुकानात आली. "अंघोळ करूनही शर्ट घालूनच बाहेर येतात हो," ती मालकांना म्हणाली. "अर्धं ताट तसंच ठेवतात. परवा टाकी घेऊन जिन्यात चक्कर आली, थोडक्यात वाचले. पोरगी रडते, म्हणते, आई, मी काय चुकीचं बोलले?"

"मी काय करू शकतो, वहिनी?"

"बाकीचा माणूस माझ्या घरी आहे. डोकं तेवढं इथे राहिलंय, ते द्या."

मालकांनी गल्ल्यामागून कात्री काढून दिली. तिने जोडावरूनच नीट कापलं, डोकं पिशवीत घातलं आणि निघून गेली. डोक्याशिवाय मी बोलतो कसा, असं विचाराल. मी जाहिरातीतला माणूस आहे, डोक्यावाचून माझं काही अडत नाही.

आता माझ्याकडे उरली ती छाती. ती कुणाची, मला ठाऊक नाही. कुणीतरी उपाशी राहून, घाम गाळून ती कमावली असेल. खरा मर्द तूच, असं त्यालाही सांगितलं असेल आणि मग त्याचा चेहरा पसंत पडला नसेल. मित्रांनो, माझ्यासारखा कुणी दुकानाच्या दारात दिसला तर त्याच्यासमोर पोट आत ओढू नका, कारण असा माणूस जगात कुठेच नाही. आणि तुमच्या घरात कुणी अंग चोरून वावरत असेल तर त्याला जवळ बसवा, पोटभर जेवू घाला.

टाकीवाल्याला न्यायला त्याचं माणूस आलं. या छातीच्या मालकाला शोधत अजून कुणी आलेलं नाही.