घेर उंची खातो

"ताई, ऐक माझं. पाय टेकायला नकोत का?"

शोरूममध्ये आल्यापासून भावाने हे तिसऱ्यांदा म्हटलं आणि टायवाल्या विक्रेत्याने तिसऱ्यांदा मान डोलावली. दोघांच्या मध्ये आकाशी रंगाची एक स्कूटर उभी होती. भावाने ती परस्पर पसंत करून ठेवली होती. ताईने फक्त रंगाला हो म्हणायचं, एवढंच काम तिच्यासाठी उरलं होतं. पण बॉबिन स्कूटरकडे पाठ करून पलीकडची मोटरसायकलींची रांग बघत होती.

बॉबिन हे काही तिचं खरं नाव नव्हे. शिलाई मशीनच्या पोटात खालचा दोरा पुरवणारं एवढंसं रीळ असतं, त्यावरून गल्लीने ठेवलेलं. उंची चार फूट नऊ इंच, वय सेहेचाळीस, धंदा शिवणकामाचा, वडिलांकडून आलेला. लोकांनी चिडवायला ठेवलेलं नाव तिने दुकानाच्या पाटीवर रंगवून घेतलं, तेव्हा चिडवणाऱ्यांची चांगलीच पंचाईत झाली. बॉबिन म्हणजे किरकोळ वस्तू असं ज्याला वाटतं, त्याने एकदा ती काढून ठेवून मशीन चालवून बघावं.

'पाय टेकत नाहीत' हे तिच्या पाचवीलाच पुजलेलं. शाळेच्या बाकावर टेकले नाहीत. मशीनच्या पेडलवर टेकेनात, तेव्हा वडिलांनी लाकडी ठोकळा बसवून दिला. मोटरसायकलचं निघालं तेव्हा मात्र त्यांना ठोकळा सुचला नाही. त्यांनी दुकानाच्या चौकटीवर कात्रीच्या टोकाने आडवी रेघ ओढली आणि म्हणाले, "हिला डोकं लागलं, की गाडी शिकवीन." तेव्हा ती तेरा वर्षांची होती. रोज सकाळी रेघेखाली उभी राहायची. सोळाव्या वर्षी दोन बोटं उरली, ती आजतागायत उरली आहेत. पाठचा भाऊ तेवढ्यात वाढला, रेघ ओलांडून गेला, आणि किल्ली त्याच्या हातात पडली. तेव्हा तिने तोंडातून ब्रही काढला नाही. त्याचा राग तिला अजून येतो, स्वतःचाच.

"मोटरसायकल दाखवा," ती म्हणाली.

"मॅडम, तुमच्या उंचीला स्कूटरच बरी. गियरचा त्रास नाही."

"त्रास मला होणार की तुम्हाला?"

"ताई, हट्ट करू नको," भाऊ हळू आवाजात म्हणाला. "लोक हसतील."

"हसू देत. इतकी वर्षं हसतायत, अजून त्यांचे गाल दुखले नाहीत. मी कशाला काळजी करू?"

विक्रेत्याने सुस्कारा सोडला आणि एका ऐसपैस मोटरसायकलपाशी तिला नेलं. सोफ्यासारखी रुंद गादी होती. "मग ही बघा. आमच्याकडची सगळ्यात बुटकी. सीट फक्त एकोणतीस इंच. ती शेजारची बारीक गाडी एकतीस आहे, तिच्याकडे बघूसुद्धा नका."

बॉबिन चढून बसली. दोन्ही पायांचे फक्त अंगठे फरशीला लागले.

"बघ!" भाऊ म्हणाला. त्यात जिंकल्याचा आनंद जरा जास्तच होता.

ती खाली उतरली. टेप तिच्या गळ्यात होतीच. दुकानातून निघताना ती काढायची तिला कधी आठवत नसे आणि भावाला त्याची लाज वाटे. तिने टेप सोडवली.

"सीट किती म्हणालात?"

"एकोणतीस इंच, मॅडम."

"ती उंची झाली. सीट किती?"

"तीच सीट."

"आमच्या धंद्यात सीट म्हणजे घेर. कंबर, सीट, मांडी, असं ओळीने माप घेतो आम्ही. तुम्ही गाडीचं माप घेतलंत. गिऱ्हाइकाचं कोण घेणार?" तिने गादीच्या पुढच्या टोकावर टेप आडवी धरली. "अकरा." मग शेजारच्या बारीक गाडीवर धरली. "सात. घेर उंची खातो, साहेब. पाय फाकले की पँट वर चढते, हे आम्हाला पहिल्या महिन्यात शिकवतात. तुमच्या सोफ्यावर माझे पाय खाली जायच्या आधी बाजूलाच संपले."

"पण एकतीस म्हणजे एकतीसच ना, मॅडम."

"हँगरवरच्या शर्टाच्या मापावर जाऊ नये. अंगात घातल्यावर तो बसतो." तिने टेपचं टोक भावाच्या हातात दिलं. "धर. आणि नीट वाच."

ती बारीक गाडीवर बसली. वजनाने गाडी जराशी खाली गेली. भावाने वाकून वाचलं, परत वाचलं. "तीस," तो नाइलाजाने म्हणाला. बॉबिन गादीवर किंचित डावीकडे सरकली. डाव्या पायाचा पंजा फरशीवर पक्का बसला.

"आणि दुसरा पाय?"

"तो ब्रेकवर. दोन्ही पाय टेकून कोण गाडी चालवतं रे? दोन्ही पाय टेकून माणसं नुसती उभी राहतात."

विक्रेता हसला, आणि या वेळी तो तिच्या बाजूने हसला.

"पण तुला येते कुठे चालवायला?" भावाचा शेवटचा बाण.

तिने पर्समधून लायसन्स काढून त्याच्या हातावर ठेवलं. दवाखान्यातली नर्सबाई तिच्याकडून युनिफॉर्म शिवून घेते. चार महिने पहाटे दवाखान्यामागच्या मैदानात तिनेच शिकवलं होतं, तिच्या स्वतःच्या मोटरसायकलवर.

"म्हणजे तू जिन्यावरून पडलीस ते..."

"दोनदा पडले. जिना बिचारा उगाच बदनाम झाला."

चौथ्या दिवशी ती गाडी घेऊन दुकानापुढे आली. वडील आता ऐंशीचे. नजर गेली तरी हाताच्या अंदाजाने बटणं लावत स्टुलावर बसतात. आवाज ऐकून ते भिंत धरत दारात आले. त्यांचा हात चौकटीवर गेला आणि रेघ सापडली तिथे थांबला.

"रेघेला डोकं लागलं का?"

"नाही लागलं, बाबा." "लागणारच नव्हतं. तुम्ही शिंपी. माझं माप तुमच्या वहीत होतं. वाढ थांबलीय हे तुम्हाला ठाऊक होतं आणि तरी मला रोज उभं केलंत."

त्यांनी रेघेवरून बोट फिरवलं.

"पडशील, याची भीती वाटायची गं," ते म्हणाले. "नाही म्हणवत नव्हतं. म्हणून रेघ ओढली."

"मग नाही म्हणायचं होतंत. भांडले असते."

ते रेघेखालीच उभे होते. तिचं लक्ष गेलं. पाठ वाकलेली, मान खाली आलेली, आणि डोकं रेघेच्या चांगलं चार बोटं खाली. आयुष्यभर गाडी चालवलेला माणूस. तिचा राग गेला नाही, पण तो आता कुणावर काढावा हे तिला कळेना.

तिने स्टूल गाडीशेजारी आणून ठेवलं. "चढा. हेल्मेट घाला आधी."

बाबा स्टुलावरून मागच्या सीटवर सरकले. पायांनी खाली चाचपू लागले.

"पाय टेकत नाहीत गं," ते घाबरून म्हणाले.

"मागच्याने टेकवायचे नसतात, बाबा," ती म्हणाली. "मला धरा."

त्यांनी तिची कंबर धरली. बॉबिनने गाडी चालू केली आणि टेकलेला डावा पाय उचलून गियरवर ठेवला.