झाकणाच्या आतलं नाव

मी एक जुनी लाकडी पेटी आहे, आणि आधीच सांगून ठेवते, माझ्यात खजिना वगैरे काही नाही. लहान मुलं झाकण उघडतात, आत डोकावतात आणि तोंड वाकडं करून निघून जातात. मित्रांनो, तुम्ही तसं करू नका. मी नव्वदीच्या पुढची आहे, बिजागऱ्या कुरकुरतात, पण स्मरण शाबूत आहे. आणि जे मला ठाऊक आहे ते सांगायला आता दुसरं कुणी उरलेलं नाही.

माझा जन्म स्कॉटलंडमधल्या आरब्रोथ नावाच्या गावचा. तिथे समुद्र बारा महिने थंड. अलेक्झांडर रेनी नावाच्या तरुणाने मला केलं. त्यांच्या कामात रीत अशी, की उमेदवारी संपवताना प्रत्येकाने आपल्या हत्यारांची पेटी आपल्या हाताने करायची. पेटी नीट झाली तरच तो मिस्त्री. माझे कोपरे बघा, लाकडाचे दात एकमेकांत अडकवलेत आणि आजवर एकही हललेला नाही. एवढा गर्व मला आहे, तो राहू द्या. पुढच्या बाजूला त्याने तापलेल्या सळईने आपलं नाव आणि गाव डागलं, आणि १९१२ साली मला घेऊन तो बोटीत बसला.

त्याचं काम दीपगृहाच्या दिव्यांची यंत्रं सांभाळायचं. कोकणच्या किनाऱ्यावर एका खडकाळ टेकडीवर त्याला पाठवलं. माझ्यात कानशी, पटाश्या, पाने, तेलाच्या चिंध्या असत. त्या वासात मी सुखी होते. तिथेच त्याने एका मराठी बाईशी संसार मांडला. लग्न लागलं की नाही, हे गावाने कधी विचारलं नाही आणि कधी माफही केलं नाही. त्यांना एक मुलगी झाली. मुलगी वर्षाची असताना तापाची मोठी साथ आली आणि तिची आई गेली.

रेनीने मुलीला एकट्याने वाढवलं. तो तिला एल्सी म्हणे. दिव्याच्या काचा पुसताना तिला माझ्यावर बसवून ठेवी. ती सहा वर्षांची असताना त्याने तिच्या हातात पटाशी दिली, वरून आपला हात धरला आणि माझ्या झाकणाच्या आतल्या बाजूला तिच्याकडून तिचं नाव कोरून घेतलं. इंग्रजी पाच अक्षरं. वाकडीतिकडी, शेवटचं तर घसरून कडेपर्यंत गेलेलं. मला दुखलं का? हो, दुखलं. पण तसं दुखणं पुन्हा आलं असतं तर मी आनंदाने सोसलं असतं.

एल्सी आठ वर्षांची असताना रेनी शिडीवरून पडला आणि कमरेचं हाड मोडलं. कचेरीने त्याला मायदेशी पाठवायचं ठरवलं. तिकीट एकाच माणसाचं होतं. मुलीचा कुठल्याच कागदावर उल्लेख नव्हता. तिला नेण्यासाठी मुलीच्या मामांना बोलावून घेतलं. ते पुण्यात टपाल कचेरीत कारकून होते, नाव ज्ञानेश्वर. रेनीने हत्यारं विकली, रिकामी पेटी मुलीला दिली आणि तिच्या आईच्या भाषेत म्हणाला, "पायावर उभा राहिलो की न्यायला येतो. तोवर ही सांभाळ."

मी तिच्याबरोबर पुण्याला गेले.

मामा वाईट माणूस नव्हते. भित्रे होते. त्यांना स्वतःच्या दोन मुली होत्या आणि त्यांची लग्नं व्हायची होती. त्यांनी एल्सीचं नाव कुसुम ठेवलं आणि शाळेत आपली तिसरी मुलगी म्हणून घातलं. डोळे तिचे घारे, पण कोकणातल्या माणसांचे डोळे घारे असायचेच, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. माझ्या बाहेरचं नाव कुणा साहेबाचं म्हणून खपलं असतं, झाकणाच्या आतलं मुलीचं नाव मात्र दिसत होतं. मामांनी कचेरीतला जाड तपकिरी कागद आणला, खळ केली आणि मला आतून कागद लावून टाकला. ते नाव कागदाखाली गेलं, ते पुढे ऐंशी वर्षं तिथेच राहिलं.

मग पत्रं येऊ लागली. मुलीने एकदा मामांच्या हातात लिफाफा पाहिला. त्यावरची अक्षरं तिला ओळखीची होती, तीच तर तिने माझ्यावर कोरली होती. ती धावत आली.

"मामा, हे माझं आहे!"

मामा माझ्यावर बसले होते. त्यांनी लिफाफा उलटा धरला. "कुसुम, त्या नावाचं इथे कुणी राहत नाही," ते म्हणाले. "माझ्या पोरींच्या आयुष्याचा प्रश्न आहे गं. तू मला वचन दे. मी मेल्यावरसुद्धा कुणाला सांगायचं नाही."

तिने वचन दिलं. दहा वर्षांची होती ती. मामांनी ते पत्र फोडलं नाही, फाडलं नाही. दुसऱ्या दिवशी कचेरीत नेऊन, पत्ता सापडत नाही असा शेरा मारून परत पाठवलं. टपालाचा माणूस, पत्र जाळणं काही त्यांच्या हातून झालं नसतं. अशी अकरा पत्रं परत गेली. मग यायची थांबली.

सतराव्या वर्षी तिचं लग्न झालं. तांदळाच्या ताटात अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं, अनुराधा. तेव्हा तेच चालत असे, त्यात कुणाला काही वाटायचं नाही. एल्सीवर कुसुम बसली होती, कुसुमवर अनुराधा बसली. सासरी सगळ्यांना एवढंच माहीत, की ही अनुराधा, टपाल कचेरीतल्या ज्ञानेश्वरांची मुलगी. तिच्या मुलाला, उदयला, तिचं कुसुम हे नावसुद्धा धड ठाऊक नव्हतं. आईला माहेरचं नाव असतं, हे मुलांच्या लक्षात तरी कुठे येतं!

पुढची साठ वर्षं मी काय काय सोसलं ते विचारू नका. मी मिस्त्रीची पेटी, आणि माझ्यात पापड! गोधड्या, तांब्याची भांडी, एकदा तर आंबे पिकायला घातले होते. पण दर दिवाळीला अनुराधाबाई मला रिकामी करून आतून नवा कागद चिकटवत. सुनेला हात लावू देत नसत. आधी नवऱ्याच्या शाळेतले परीक्षेचे पेपर, मग कॅलेंडरची पानं. जुना कागद त्या कधी काढत नसत, वरून नवा लावत. चिकटवताना झाकणावर एका ठिकाणी त्यांचा हात थोडा वेळ थांबे.

उदय डॉक्टर झाला आणि इंग्लंडमध्ये साउथहॅम्प्टनला नोकरीला लागला. १९९८ साली वडील गेल्यावर त्याने आईला तिकडे नेलं. "आई, हे लाकूड कशाला न्यायचं?" असं तो म्हणाला. पण त्या अडून बसल्या, आणि मी कंटेनरमधून समुद्र ओलांडून आले. बंदरावर उतरवलं तेव्हा तोच थंड खारा वारा लागला. रेनी येणार होता न्यायला. तो आला नाही, आम्हीच आलो, आणि तेही उशिरा.

इथे मला आजींच्या खोलीत ठेवलं. अर्ध्या झाकणावर अन्वीचा प्रिंटर, उरलेल्या अर्ध्यावर आजी बसत. अन्वी ही उदय आणि वैजयंतीची मुलगी, इथेच जन्मलेली. तिचं मराठी ऐकून माझ्या बिजागऱ्या जास्तच कुरकुरत, पण पोरगी मायेची. २००५च्या फेब्रुवारीत तिला शाळेत फॅमिली ट्रीचा प्रोजेक्ट मिळाला.

"आजी, हा पेटी कुठला आहे? इथे आरब्रोथ लिहिलाय. दॅट्स इन स्कॉटलंड!"

"असेल बाई," आजी म्हणाल्या, आणि कोथिंबीर निवडत राहिल्या.

अन्वीने माझा फोटो काढून कुटुंबांचा इतिहास शोधणाऱ्यांच्या एका वेबसाइटवर टाकला. दोन आठवड्यांनी उत्तर आलं. शनिवारची दुपार होती. अन्वी कॉम्प्युटरवरून ओरडली, "बाबा, रिप्लाय आलाय! जीन रेनी नावाची एक लेडी आहे. ती म्हणते, हा पेटी तिच्या डॅडनी बनवला."

उदय येऊन वाचू लागला. जीन चौऱ्याहत्तर वर्षांची होती, एकटी, आजारी, आणि गावातल्या लायब्ररीत जाऊन तिने ते लिहिलं होतं. तिच्या वडिलांची पहिली मुलगी हिंदुस्थानात राहिली, तिचं नाव एल्सी. वडिलांची परत आलेली अकरा पत्रं तिने जपून ठेवली आहेत. पुढे तिने विचारलं होतं, तुमच्या घराण्यात कुणी एल्सी होती का? मला ती पत्रं तिच्या माणसांच्या हातात द्यायची आहेत, आणि माझ्याकडे फार वेळ नाही.

"अगं, नॉट पॉसिबल," उदय म्हणाला. "आजोबा पोस्टात होते, त्यांचे पेन्शनचे पेपर्ससुद्धा आहेत. ही पेटी कुणीतरी जुन्या बाजारात घेतली असणार. काय गं आई?"

आजी माझ्यावर बसल्या होत्या. त्यांचा हात माझ्या कडेला घट्ट धरलेला मला कळत होता.

"मी लिहून टाकतो. आमच्याकडे त्या नावाचं कुणी नाही. उगाच म्हातारीला होप कशाला द्यायची?"

मित्रांनो, जवळजवळ तेच वाक्य. मामा माझ्यावरच बसून बोलले होते, आणि आता मुलगा निरागसपणे तेच बोलत होता. मला ओरडावंसं वाटलं. मला तोंड नाही. जिला होतं, तिने ते वचनापायी मिटून घेतलं. मामा जाऊन चाळीस वर्षं झाली होती, त्यांच्या मुलीही गेल्या होत्या, आता त्या वचनाने कुणाचंच भलं व्हायचं नव्हतं. तरी त्या गप्प राहिल्या, आणि मला त्यांचा राग आला. अजूनही थोडा आहे.

जीनचं उत्तर आलं, दोनच ओळींचं. त्रास दिल्याबद्दल माफ करा, म्हणून. अन्वीने आपल्या फॅमिली ट्रीच्या तक्त्यात आजींच्या वडिलांच्या चौकोनात ज्ञानेश्वर लिहिलं. शाळेतल्या बाईंनी तक्ता वर्गात लावला.

त्यानंतर आजी नीट जेवेनाशा झाल्या. वैजयंती विचारी, "आई, तुम्हाला बरं नाही का? जीपी डॉक्टरकडे जाऊन येऊ या का?" त्या मान हलवत. असे आठ महिने गेले. दिवाळी आली. आजींचे हात आता थरथरत होते. त्यांनी अन्वीला हाक मारली.

"अन्वी, यंदा कागद लावायचा नाही. काढायचा. सगळा."

अन्वीने ओला फडका घेतला. आधी सांताक्लॉजचा चकचकीत कागद निघाला, मग कॅलेंडरचे गणपती, मग कुणा नापास मुलाचा गणिताचा पेपर, आणि सगळ्यात खाली मामांचा तपकिरी कागद. तो निघेना. तिने नखाने खरवडला. मग तिचा हात थांबला.

"आजी... हे एल्सी लिहिलाय."

"हो."

"कोण आहे एल्सी?"

"मी," आजी म्हणाल्या. "बाबांनी हात धरला होता."

उदयला बोलावलं. त्याने ती अक्षरं पाहिली, आईकडे पाहिलं, आणि खाली जमिनीवरच बसला. "आई, तू तेव्हा बोलली का नाहीस? मी तुझ्यासमोर लिहिलं गं," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. मग उठून त्याने मेलमधल्या नंबरवर जीनच्या घरी फोन लावला.

फोन तिच्या शेजाऱ्याने उचलला, घर आवरायला आला होता. जीन सप्टेंबरमध्ये गेली. पत्रं? ती तिच्या सांगण्यावरून शवपेटीत तिच्याबरोबर ठेवली. घ्यायला कुणी नाही असं कळलं, तेव्हा ती म्हणाली होती, मग माझ्याबरोबरच जाऊ देत.

उदयने आईला खोटं सांगितलं नाही. हे त्याने बरं केलं. आजींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "एक तरी वाचलं असतं रे. एकच."

तेव्हा अन्वीने फेब्रुवारीतली ती मेल पुन्हा काढली. खाली आणखी चार ओळी होत्या, त्या उदयने घाईत वाचल्या नव्हत्या. अन्वी अडखळत मराठीत सांगू लागली. "आजी, ती म्हणते, सगळे पत्रात लास्टला सेम लिहिलाय. पेटीला तेल लाव, एल्सी. म्हणजे मी येईपर्यंत टिकेल."

आजी रडल्या. लहान मुलीसारख्या मोठ्याने रडल्या. मग म्हणाल्या, "तेल आण." घरात खोबरेलच होतं. माझ्यासारख्या पेटीला जवसाचं तेल लागतं, खोबरेलाने काही होत नाही. पण त्यांनी आपल्या हातांनी ते झाकणाच्या आत चोळलं, एकेका अक्षरात बोट घालून, आणि मी हूं की चूं केलं नाही.

पुढच्या फेब्रुवारीत आजी गेल्या. मृत्यूची नोंद करायला उदयबरोबर अन्वीही गेली होती. तिथल्या बाईंनी विचारलं, यांना आणखी कुठल्या नावाने ओळखत होते का? सवयीने उदय नाही म्हणाला. अन्वी म्हणाली, होय, दोन. तो दाखला आता माझ्यात आहे, तेवढाच एक कागद. त्यावर तिन्ही नावं आहेत. एल्सी रेनी हे नाव सरकारी कागदावर आलं, ते ती गेल्यावर.

मित्रांनो, मला तेल लावा न लावा, ते तुमच्या मर्जीवर. कोपरे मजबूत आहेत, मी टिकेन. पण तुमच्या घरात एखादी आजी असेल, तर आज जेवण झाल्यावर तिच्याजवळ जाऊन बसा आणि तिचं पहिलं नाव विचारा. ती लगेच सांगणार नाही. उठू नका. बसून राहा.