जशीच्या तशी

बाहुल्या जमवणारी माणसं बाहुलीकडे बघून हसत नाहीत. ज्याला हे खरं वाटत नसेल त्यानं त्यांच्या क्लबच्या वार्षिक प्रदर्शनाला एकदा जाऊन यावं. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरचा हॉल, लांबच लांब टेबलं, त्यांवर पांढऱ्या चादरी आणि प्रत्येक बाहुलीसमोर पन्नाशीतलं कुणीतरी कपाळाला आठ्या घालून उभं. कुणी केसांची मुळं मोजतंय, कुणी चपलेची टाच बघतंय. जावई निवडताना एवढी चौकशी केली असती तर निम्म्या घरांतली भांडणं टळली असती.

यंदा कपडे तपासायला रफूवाल्या बाईंना बोलावलं होतं. लॉन्ड्रीशेजारी त्यांचा एक लहानसा गाळा होता. सिगरेटनं जळालेले कोट, उंदरानं कुरतडलेल्या शाली तिथे यायच्या आणि परत जाताना भोक नक्की कुठे होतं हे गिऱ्हाईकालाच आठवत नसे. कापड फसवतंय की खरं बोलतंय, हे बाईंच्या बोटांना कळतं अशी ख्याती होती. घरात मात्र त्या धाकट्या, थोरल्या बहिणीच्या तोंडी ‘चिंगी’. आपणही धाकटीच म्हणू, कारण ही गोष्ट दोघी बहिणींची आहे.

मुख्य परीक्षक होते दातवाले काका. चाळीस वर्षं लोकांचे दात उपटून निवृत्त झालेले, आणि आता बाहुल्यांच्या मागे लागलेले. चेहऱ्याचा रंग, केस, हातपाय हे सगळं त्यांच्याकडे. दातांचा आरसा ते अजून खिशात बाळगत आणि बाहुलीच्या कानामागे घालून बघत. तिला ‘आ कर’ म्हणायचं तेवढं राहायचं.

“कानातल्याच्या धातूनं कानाची पाळी हिरवी पडते, ते मी बघतो,” ते सकाळी धाकटीला म्हणाले होते. “कापडाचं तुमचं तुम्ही बघा. नियम वाचलेत ना?”

नियम तिला पाठ होते. सगळ्यात मानाचा गट ‘जशीच्या तशी’. बाहुली ज्या कपड्यांत घरी आली त्याच कपड्यांत आजही असली पाहिजे आणि त्या कपड्यांना मागाहून सुई लागलेली नसावी. सुई लागली असेल तर चिठ्ठीवर ‘दुरुस्त’ लिहायचं. त्याच जातीच्या दुसऱ्या बाहुलीचा कपडा चढवला असेल तर ‘उसना’ लिहायचं. हे लोक दुरुस्त एकवेळ माफ करतात, उसना नाही. शिवाय बाहुली ओळखीची निघाली तर परीक्षकानं तसं सांगून बाजूला व्हायचं. म्हणून तर मालकांना बाहेर व्हरांड्यात बसवून ठेवलं होतं आणि टेबलांवर नुसते नंबर होते.

पहिल्या सोळा बाहुल्या बऱ्या गेल्या. एकीच्या लग्नाच्या झग्याची लेस डिंकानं चिकटवलेली. एकीचा फ्रॉक कुणीतरी साबणात भिजवून त्याचा पार जीव घेतलेला. धाकटीनं चिठ्ठ्या लिहिल्या आणि ती सतरा नंबरपाशी येऊन थबकली.

सतरा नंबर म्हणजे मॅडम होती.

गुडघ्यात टक् करून वाकणारे पाय, तिरकी नजर, जगाला नोकरीवरून काढून टाकायला निघाल्यासारखा चेहरा. हे नाव थोरलीनंच ठेवलेलं. मावशीनं परगावाहून आणलेली ही बाहुली थोरलीची होती, एकटीची. लाल कोट, त्याला तीन काळी बटणं, आणि कोटाच्या आत निळ्या-पांढऱ्या बारीक चौकड्यांचा सुती फ्रॉक. थोरलीनं आजवर ती कुठल्याच प्रदर्शनात ठेवली नव्हती. दहा वेळा मागूनही क्लबच्या लोकांना दाखवली नव्हती. आणि बरोबर ह्या वर्षी, धाकटी परीक्षक झाली त्याच वर्षी, ती ‘जशीच्या तशी’ गटात उभी होती.

त्या फ्रॉकला सुई लागलेली होती. कुणाची, हे जगात एकाच माणसाला माहीत होतं.

धाकटी तेव्हा बारा वर्षांची होती, थोरली सोळाची. अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, शर्टांना इस्त्री करायचं काम थोरलीकडे होतं. एका दुपारी ती इस्त्री आटोपून, बटण बंद करून, शेजारी निरोप सांगायला गेली. धाकटीनं इस्त्री पुन्हा लावली. मॅडमच्या फ्रॉकला चुण्या पडल्या होत्या आणि तिला मोठ्या बहिणीला चकित करायचं होतं. केवढी हौस! फ्रॉक पाठीमागच्या बाजूला जळाला, खालची घोंगडी जळाली, आणि धाकटी घाबरून इस्त्री तशीच ठेवून पळाली. मॅडमवर तेवढा कोट चढवून तिन्ही बटणं लावायचं भान मात्र तिला राहिलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

घोंगडी झाकता आली नाही. इस्त्री कुणाचं काम? थोरलीचं. थोरली रडून रडून सांगत होती, “मी बंद केली होती, देवाशपथ बंद केली होती,” आणि धाकटी दाराआड नखं खात उभी होती. थोरलीला त्याच महिन्यात गावातल्या शिवणबाईंच्या वर्गात जागा मिळाली होती. बाई वर्षाला फक्त सहा मुली घेत. थोरलीचे हात तसेच होते, साध्या रुमालातून बाहुलीचा घेरदार झगा कापायची. वडील म्हणाले, “जिला इस्त्री सांभाळता येत नाही तिच्या हातात मशीन द्यायचं?” आणि मिळालेली जागा फुकट कशाला घालवायची, म्हणून पुढच्या आठवड्यापासून तिथे धाकटी गेली.

म्हणजे आज ज्या बोटांचा एवढा गवगवा होता, ती बोटंसुद्धा बहिणीच्या जागेवर बसून तयार झालेली.

वर्षभरानं तिला रफू जमायला लागलं, तेव्हा तिनं पहिलं रफू त्या फ्रॉकला केलं. थोरलीनं मॅडमला रागानं खोक्यात बंद करून माळ्यावर टाकलं होतं, त्यामुळे कुणाला पत्ता लागला नाही. दुकानातला दोरा चौकड्यांना जुळेना, म्हणून तिनं फ्रॉकच्या खालच्या दुमडीतूनच एकेक धागा ओढून काढला. निळ्यावर निळा, पांढऱ्यावर पांढरा. जागा करंगळीच्या नखाएवढी होती आणि तिला चार दुपारी लागल्या. त्यानंतर सदतीस वर्षं तिनं लोकांची भोकं बुजवली, पण तसं काम पुन्हा झालं नाही. थोरली चष्म्याच्या दुकानात काउंटरवर बसली, ती अजून तिथेच आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या डोळ्यांवर भिंगं लावून “आता दिसतंय का?” विचारते.

“काय हो, अडलात?” काका पलीकडून म्हणाले. “बाहुली फर्स्ट क्लास आहे. कान स्वच्छ, पाय चिकट नाहीत, केसांचा एक झुबका गेलेला नाही. आता तुमचं बोला.”

बोलायला एकच वाक्य होतं, ‘ही माझ्या बहिणीची आहे, मी बाजूला होते.’ मग फ्रॉक काकांनी बघितला असता आणि त्यांना काही दिसलं नसतं. धाकटीला हे कळत होतं. तरी तिनं ते वाक्य म्हटलं नाही, आणि त्याचं कारण सांगायला तिला स्वतःलाही लाज वाटली असती. तिला ते रफू बघायचं होतं.

तिनं पांढरे हातमोजे चढवले. कोटाची तीन बटणं काढली. मॅडमला पालथं केलं आणि भिंग डोळ्याला लावून पाठीवर आणलं.

रफू नव्हतं.

तिनं डावीकडे बघितलं, मग उजवीकडे. फ्रॉकचं टिचबटण सोडून तो हळूच उतरवला, उलटा केला, खिडकीशी नेऊन उजेडासमोर धरला. विणीत एक धागा वाकडा नव्हता. मग तिनं खालची दुमड बोटांनी चाचपली. दुमड भरलेली होती. तिथून कुणी कधी धागा काढलेला नव्हता.

हा तो फ्रॉक नव्हताच. तसाच होता, त्याच कारखान्यातला, त्याच निळ्याचा. पण ज्या फ्रॉकमध्ये मॅडम घरात आली तो हा नव्हे. उसना होता, आणि हॉलमध्ये हे सांगू शकणारी ती एकटीच होती. सांगायचं तर पुढे विचारणारच, ‘तुम्हाला कसं कळलं?’

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते धाकटीच्या मनात तेव्हा लख्ख पडलं होतं. ताईनं फ्रॉक बदलला म्हणजे ताईनं ते बघितलं. पण मग बोलली का नाही? कदाचित बघितलंच नसेल. कदाचित नुसता डाग पडला असेल, वाळवी लागली असेल, म्हणून बदलला असेल. माणूस स्वतःला काय वाटेल ते पटवू शकतो, फक्त घाई असावी लागते. आणि ह्या सगळ्याच्या तळाशी एक सुटकेची भावना होती, तिला ती नाकारता येईना. खुणा गेल्या होत्या. सदतीस वर्षांचं ओझं कुणीतरी तिला न विचारता उतरवून नेलं होतं. रफू नाही तर नाही!

तिनं फ्रॉक चढवला, कोट घातला, तिन्ही बटणं लावली. चिठ्ठीवर लिहिलं, ‘जशीच्या तशी’, आणि खाली सही केली. हात कापला नाही, याचं तिला मागाहून फार वाईट वाटलं.

दुपारी चिठ्ठ्या लागल्या आणि मालकांना आत सोडलं. खुर्च्या सरकल्या, कुणी ओरडलं, कुणाचं तोंड पडलं. थोरली सावकाश आली. नेहमीचीच करडी साडी, खांद्याला पर्स. तिनं सतरा नंबरपुढे उभं राहून चिठ्ठी वाचली. दोनदा वाचली.

“सही तुझीच ना, चिंगे?”

“हो. ताई, मला सांगायला हवं होतं की तुझी...”

“ते जाऊ दे. कपडा नीट बघितलास?”

“बघितला.”

“भिंगानं?”

धाकटीनं मान हलवली. थोरलीनं पर्समधून चष्म्याचं एक जुनं घर काढलं, उघडलं, आतलं पुसायचं फडकं बाजूला केलं आणि फडक्याखालून निळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा इवलासा फ्रॉक काढून टेबलावर पालथा ठेवला. भिंगाची गरज नव्हती. स्वतःचं अक्षर ओळखावं तसं धाकटीनं ते ओळखलं. रफूच्या कडेला जळल्याची एक पुसट तपकिरी रेघ राहिली होती. तेरा वर्षांच्या मुलीला तेवढं दिसलं नव्हतं.

“आई गेली, तेव्हा माळा आवरताना खोकं काढलं,” थोरली म्हणाली. आवाज अगदी साधा होता, गिऱ्हाइकाला चष्म्याचा नंबर सांगावा तसा. “अकरा वर्षं झाली. आधी मला भिंगातूनही कळेना. मग कळलं. रात्रभर बसले होते घेऊन.”

“ताई...”

“सुंदर केलंयस गं. खरंच सांगते. मला वाटायचं, बरंच झालं जागा हिला मिळाली, माझ्या हातून एवढं झालं नसतं. दर वेळी असं म्हणून परत ठेवून द्यायची.” ती थांबली. “पण मी घोंगडी जाळली नव्हती, चिंगे. अण्णा शेवटपर्यंत मला ‘इस्त्री बघितलीस का’ विचारायचे. तू तिथे बसलेली असायचीस.”

आजूबाजूला लोक एकमेकांचं अभिनंदन करत होते.

“अकरा वर्षं वाट बघितली की कधीतरी बोलशील. सणासुदीला... निदान आईच्या वर्षश्राद्धाला तरी. मग हा दुसरा फ्रॉक शोधून आणला. म्हटलं, हिच्या हातातच देऊन बघू. ‘उसना’ लिहिलं असतंस ना, तर मी काही विचारलंच नसतं. तेवढ्यानं मला पुरलं असतं.”

तिनं जुना फ्रॉक उचलला, घडी घातली, चष्म्याच्या घरात ठेवला आणि झाकण लावलं.

“मॅडमला तूच ने. आता ती तुझ्या सहीची आहे.”

आणि ती गेली. रागानं नाही, पाय आपटत नाही. दुकान सुटल्यावर जाते तशी. धाकटीला तिच्यामागे धावायचं होतं, पण पाय जिथल्या तिथे राहिले, बारा वर्षांच्या वयात दाराआड राहिले होते तसेच.

काका हातात निळी फीत घेऊन आले. “विजेती कुठे आहे? फोटो काढायचाय. कुणाची हो ही बाहुली?”

“माझ्या बहिणीची.”

काकांचा हात फितीसकट थांबला. “बहिणीची? मग तुम्ही परीक्षण कसं केलंत, बाई?”

“फ्रॉक उसना आहे,” धाकटी म्हणाली. “मी खोटं लिहिलं. मूळच्या फ्रॉकला रफू होतं, ते मी केलं होतं. इस्त्री ताईनं बंद केली होती, काका. मी पुन्हा लावली. मी लावली आणि पळाले.”

“कसली इस्त्री?” काकांना काही म्हणता काही कळेना. त्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी मागवलं. ती तेच तेच सांगत राहिली, आधी हळू, मग मोठ्यानं, इतक्या मोठ्यानं की हॉलमधली कुजबूज थांबली आणि सगळे माना वळवून बघू लागले.

सगळ्यांनी ऐकलं. थोरली तोवर जिना उतरून रस्त्याला लागली होती.