शिक्क्याचा काटा आणि भावकूचं पुस्तक

मित्रांनो, माझी दांडी अजून थरथरते. वारा नसला तरी थरथरते. निपाणीच्या एका तंबाखू वखारीत, मागच्या भिंतीला टेकवून ठेवलेला मी एक जुना वजनकाटा आहे. खाली लोखंडी पाट, वर पितळी दांडी, दांडीवर सरकणारं वजन. माझ्या पाटावर तंबाखूचं बोरं, म्हणजे पोतं ठेवलं, की दांडी वर उडे, खाली पडे, आणि बऱ्याच घालमेलीनंतर मधोमध ठरे. त्या ठरण्यासाठीच माझा जन्म होता. पण खरं सांगू? ठरण्यापेक्षा थरथरण्यातच माझं आयुष्य गेलं.

ओतशाळेच्या लाल आगीतून मी निघालो तेव्हाच माझं माप अचूक होतं. तरी वखारीत आल्यावर पहिले काही दिवस मला कुणी हातही लावला नाही. शेतकरी म्हणायचा, "ह्यो मालकाचा काटा, मालकाकडनंच बोलणार." मग मोजमाप खात्याचे निरीक्षक आले. त्यांनी आपली वजनं माझ्यावर ठेवून पाहिली, मान हलवली, "बराबर ऐती", बरोबर आहे, असं कानडीत म्हणाले आणि माझ्या दांडीवरच्या शिशाच्या टिकलीवर हातोडीनं शिक्का मारला. त्या दिवसापासून शेतकरी आणि मालक दोघंही माझं ऐकू लागले. मी कालही खरा होतो, आजही खराच होतो. फक्त आता माझं खरेपण परक्यालाही दिसत होतं.

माझ्यावर माल तोलायचा तो भावकू. मॅट्रिकपर्यंत शिकलेला, उंच, सडपातळ. कोणतं बोरं कुठल्या गावचं, कोणता माल आधी बाहेर काढायचा, कोणता ट्रक कधी लावायचा, सगळं त्याच्या डोक्यात. त्याची बायको नागुबाई त्याच वखारीत तंबाखू निवडायला बसायची. निवडताना तंबाखूची पिवळी धूळ उडायची. ती धूळ सगळ्या बायकांच्या नाकातोंडात जायची, पण नागुबाईच्या छातीत ती घर करून राहिली. तिचा कोरडा खोकला मला पाटातून जाणवायचा.

दुपारी बायका भाकरीला उठल्या, की भावकू माझ्या पाटावर येऊन बसे. वखारीत बसायला तीच एक थंड जागा. एकदा नागुबाईचा खोकला थांबेचना, तेव्हा तो म्हणाला, "नागू, हे काम सोड."

"सोडते की. मग हंगाम सरल्यावर काय खायाचं? तुमचं काम बी हंगामाचंच हाय न्हवं?"

 भावकूचा गुडघा हलत राहिला, आणि त्याच्याबरोबर माझी दांडी.

थोड्याच दिवसांत एका ट्रकवाल्यानं बातमी आणली. बेळगावच्या पलीकडं मच्छ्याला पंपाचे भाग करणारा नवा कारखाना निघाला होता. तिथं स्टोअर सांभाळायला माणूस हवा होता. बारमाही काम. भावकू रजा टाकून गेला आणि दुसऱ्या दिवशी पाटावर येऊन बसला, तो पोतं टाकावं तसा.

"काय म्हनाले?" नागुबाईनं विचारलं.

"मॅनेजर भला माणूस हाय. चहा पाजला. म्हणाला, 'तुझं काम चांगलं असंल बाबा, पर मला हितनं निपाणी दिसत न्हाय. माल साठवायचं, पोचवायचं शिकलास असा एखादा दाखला आण. मग बघू.'"

मला त्या मॅनेजरचा राग आला नाही, मित्रांनो. शिक्का नव्हता तेव्हा माझ्याकडं तरी कुणी पाहिलं होतं?

भावकूनं पोस्टानं येणारा कोर्स घेतला. माल मागवणं, साठवणं, मोजणं, वेळेवर पोचवणं, सगळं इंग्रजीत. दुपारी एका हातात भाकरी, दुसऱ्या हातात पुस्तक. मालक मारुतीराव जाता जाता म्हणायचे, "भावकू, तंबाखूला नाक लागतंय रं, पुस्तक न्हाय." बायकांतली थोरली अक्काताई तर त्याला सोडायचीच नाही.

"केस पिकाय लागले आन् शाळंत चाललास व्हय रं? पाटी आणू का तुला?"

"आण की आक्का. पर पाटीवर तंबाखू मळू नगंस म्हणजे झालं."

सगळ्या हसायच्या. नागुबाई हसता हसता खोकायची आणि निवडताना गुणगुणायची,

तंबाखूचं पान, माज्या हातानं निवडलं,
कागदाचं पान, माज्या धन्यानं उघडलं.

परीक्षा बेळगावात झाली. भावकू परतला तो उड्या मारतच. पाटावर बसून त्यानं बायकांना एकेक प्रश्न सांगितला. "एक गणित तर आपल्या घरचंच! इतक्या पेट्या बोल्ट आले, इतके गेले, शिल्लक वजन किती? मी दर पेटीमागं कडता काढला आन् झटक्यात उत्तर लिवलं."

आमच्या वखारीत ओला तंबाखू वाळून हलका होतो, म्हणून प्रत्येक बोऱ्यामागं थोडं वजन आधीच वजा करायचं. त्याला कडता म्हणतात. ते न शिकवताच हातात येतं.

अक्काताईनं भाकरीचा घास तसाच धरला. "बोल्टाला कसला रं कडता? लोखंड वाळतंय व्हय उन्हात?"

बायका पोट धरून हसल्या. भावकूही हसू लागला आणि मधेच थांबला. त्याचा चेहरा उतरत गेला. "आक्का," तो हळूच म्हणाला, "मी समद्याच गणितांत काढलाय गं कडता."

अक्काताईनं धरलेला घास खाली ठेवला.

निकाल नापासाचा आला. नागुबाईचा आणखी एक हंगाम धुळीत जाणार, हे आता ठरलं होतं. त्या पावसाळ्यात तिचा खोकला वाढला. भावकू बोरी तोलायचा, पण त्याचं लक्ष दांडीवर नसे, तिच्या बाजूला असे. एकदा तो पुस्तक बोऱ्यामागं फेकून म्हणाला, "जाऊ दे. आपलं न्हाय ते."

नागुबाई उठली, तिनं पुस्तक झाडलं आणि त्याच्या मांडीवर आदळलं.

"मी खोकतिया ती कुणासाठी? हे वाचून संपवा आदी."

"आन् पुन्ना कडता काढला तर?"

"तर मी हाय की चिमटा काढाय."

त्यानंतर तो दुपारी एक नवाच खेळ खेळू लागला. माझ्या पाटावर दगड ठेवायचा, साखळी ठेवायची, ट्रकचं मोडकं चाक ठेवायचं आणि दांडी दाखवेल तेवढंच कागदावर उतरवायचं. हात सवयीनं वजाबाकीकडं वळला, की तो स्वतःच स्वतःला रागवायचा, "दिसतंय तेवढंच लिव की रं!" आयुष्यभराची सवय हातातून काढायला किती कष्ट पडतात, ते मी माझ्या पाटावर पाहिलं. कडता हा वखारीचा शहाणपणा होता, खोटा नव्हता. पण वखारीबाहेरच्या जगाची मापं त्याला नव्यानं शिकावी लागली.

पुढच्या वर्षी तो पास झाला. दाखला कापडात गुंडाळून त्यानं मच्छ्याला नेला. मॅनेजरनं वाचला, मग स्टोअरमध्ये फिरवून चार प्रश्न विचारले आणि पहिल्या तारखेपासून ये म्हणाला. ही बातमी सांगताना भावकू पाटावर बसला नाही, उभाच राहिला. नागुबाईनं हातातलं पान तसंच खाली ठेवलं. पदर झाडला. पिवळी धूळ उडाली, त्या धुळीकडं ती बघत राहिली आणि मग दाराबाहेर उन्हात जाऊन उभी राहिली.

पुढं वखारीत विजेचा काटा आला आणि मला भिंतीशी लावलं. एका दसऱ्याला दोघं अक्काताईला भेटायला आली. नागुबाई दारातच थांबली, तिनं आत पाऊल टाकलं नाही.

"खोकला गेला का गं?" अक्काताईनं विचारलं.

"जातोय आक्का. सावकाश जातोय."

भावकू म्हणाला, "एक हंगाम आदी पास झालो असतो तर—"

"गप बसा," नागुबाई म्हणाली आणि आपट्याचं पान त्याच्या हातावर ठेवलं.

मित्रांनो, मी मणामणाचे बोजे तोललेत. पण त्या एका हंगामाची धूळ काही मला तोलता आली नाही. म्हणून एवढंच मागतो. हातात कसब असेल तर त्याची परीक्षा द्यायला लाजू नका, आणि उशीर करू नका. तुमच्या घरात कुणी मोठं माणूस पुस्तक उघडून बसलं तर हसू नका, तिथं गलका करू नका. त्या पानाआड कुणाचा तरी श्वास अडकलेला असतो.