अप्पांना कुणी विचारलंच नव्हतं

हॉस्पिटलच्या तळघरातल्या लाँड्रीत तिला सगळे हेडबाई म्हणत. वय त्रेपन्न, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, हाताखाली अकरा माणसं आणि रोज हजारभर चादरी. कुणी "हेडबाई, हे..." एवढं म्हणालं की पुढचं वाक्य ती स्वतःच पुरं करायची आणि उत्तरही देऊन टाकायची. डाग जात नाही? थंड पाण्यात टाक. रजा हवी? गुरुवार सोडून घे. दिवसभर हेच. संध्याकाळी घरी जाऊन चप्पल काढेपर्यंत धाकट्या भावाचा फोन यायचा. "ताई, अप्पा औषध घेत नाहीयेत, काय करू?" त्यालाही ती उभ्या उभ्या सांगायची आणि मग खुर्चीत बसल्यावर तिला उठवत नसे.

अप्पा म्हणजे त्यांचे वडील. आई गेल्यावर हिनेच ठरवलं होतं, तीन महिने आपल्याकडे, तीन महिने भावाकडे. एक बॅग, औषधांची एक यादी आणि अप्पा, असा तो लवाजमा चार वर्षं इकडून तिकडे फिरत होता.

अशात वरच्या ऑफिसातून कागद आला. सगळ्या विभागप्रमुखांनी सहा बुधवार दुपारी कोचिंगला यायचं.

"या वयात कसली शिकवणी?" ती म्हणाली. पण दोन तास बसायला मिळणार होतं, म्हणून गेली.

शिकवणाऱ्या बाई तरुण होत्या, आवाज हळू. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की समोरच्याला उत्तर देऊ नका, प्रश्न विचारा आणि मग गप्प बसा. हेडबाईला वाटलं, यांना कधी ओल्या चादरींचा ढीग उपसावा लागला नसणार. तिसऱ्या बुधवारी जोड्या लावल्या. तिच्या वाट्याला औषधांच्या कोठीचे प्रमुख, कोठीवाले, आले. शांत माणूस, हातातल्या कागदावर बघून प्रश्न विचारत होते.

"तुम्हाला काय हवंय?"

"लाँड्रीला एक मशीन हवंय. भावाला जरा धीर हवाय. वडिलांना..."

"ते इतरांचं झालं," कोठीवाले म्हणाले, आणि बाईंनी सांगितल्याप्रमाणे गप्प बसले.

ते गप्प बसणं तिला सोसेना. पंख्याकडे बघितलं, पदराचं टोक बघितलं. शेवटी तिच्या तोंडून निघालं, "झोप." आणि डोळे भरून आले, तेव्हा तिला स्वतःचीच लाज वाटली.

"झोपेच्या आड काय येतं?"

"सगळे मलाच विचारतात हो."

"मग तुम्ही काय करता?"

"सांगते." जरा थांबून ती म्हणाली, "त्यांचं विचारून पुरं व्हायच्या आधीच सांगते."

दुसऱ्या दिवशी इस्त्रीच्या मशीनवरची बाई धावत आली. "हेडबाई, चादर परत रोलरला गुंडाळली. काय करू?"

"तुला काय वाटतं?"

ती घाबरलीच. "माझं काही चुकलं का?"

"नाही गं. खरंच विचारतेय."

तिने रोलरवरची चादर चाचपून बघितली. मग ती म्हणाली, "पिळणाऱ्या मशीनमधून चादरी फार ओल्या येतात. तीन महिने झाले."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही कधी विचारलंत?"

सगळीकडे असं सरळ झालं नाही. डाग काढणाऱ्याने तर तोंडावर सांगितलं, "तुम्हीच सांगा, तुम्हाला त्याचाच पगार मिळतो." भावाने दोनदा रागाने फोन आपटला. "हे काय नवीन खूळ? सरळ उत्तर दे ना!"

अप्पांचे भावाकडचे तीन महिने संपले तेव्हा रविवारी ती त्यांना आणायला गेली. बॅग दाराशी भरून ठेवलेली. अप्पा स्वेटर घालून खुर्चीच्या कडेला बसले होते, बस यायची वाट बघत असल्यासारखे. तिला एकदम जाणवलं, की चार वर्षांत आपण यांना औषधाची वेळ, जेवणाची वेळ, सगळं विचारलं. हे एक सोडून.

ती समोर बसली. "अप्पा, तुम्हाला कुठं राहायचंय?"

अप्पांनी मुलाकडे बघितलं, बॅगेकडे बघितलं. ती जीभ दाताखाली धरून बसली.

"इथे," ते म्हणाले.

तिच्या काळजाला चरा पडला. "माझ्याकडे काय कमी पडलं?" असं विचारू नये हे तिला कळत होतं, तरी तोंडून निघून गेलं.

"कमी काही नाही गं. जास्तच होतं. तुझ्याकडे मी पेशंट असतो. इथे माझ्याकडे कुणी बघत नाही, म्हणून मी माझा चहा करतो. उतू जातो कधीकधी."

"म्हणजे गॅस रोज तुम्ही खराब करता?" भाऊ म्हणाला, आणि तिघेही हसले. मग भाऊ गंभीर झाला. "ताई, मला जमेल का?"

"तुला काय वाटतं?"

"जमेल तसं," तो म्हणाला. "पण तू दर रविवारी येशील ना?"

'येते' हा शब्द ओठांवर आला होता. तो तिने गिळला. "एक सोडून एक रविवारी येईन. मधला रविवार माझा."

भावाने बॅग उचलून आत नेली.

परतताना ती बसमध्ये रडली. एवढं करून मेलं शेवटी हेच, असं वाटलं. आणि उतरेपर्यंत खांदे हलके झाले होते, हेही खरं. लाँड्रीतलं काम काही कमी झालं नाही. पाय अजूनही सुजायचे.

पंधरा दिवसांनी ती गेली तेव्हा अप्पा पलंगावर पेपर वाचत होते. तिने ना औषधं तपासली, ना उशीचा अभ्रा बदलला. नुसती दारात उभी राहिली. अप्पांनी चष्मा काढला.

"तू कशी आहेस?"

"दमलेय, अप्पा."

"हं," म्हणून ते भिंतीकडे सरकले, आणि तिच्यासाठी पलंगावर जागा केली.